चपला बाहेर

नव्या ग्रंथालयाच्या दारात हेमांगीने सवयीने चपला काढल्या आणि आत पाऊल टाकलं, तेव्हा दारावरचा सिक्युरिटीवाला खुर्चीतून अर्धवट उठून म्हणाला, मॅडम, चपला घालूनच जा, आता काढायच्या नाहीत, सीपी सरांनी सांगून ठेवलंय. अगदी अदबीने म्हणाला. चला, तुमची एक कटकट संपली, अशा सुरात. ती मात्र एक पाय आत, एक पाय बाहेर अशी उभीच राहिली. आतला ग्रॅनाइट एसीने गारठला होता आणि तो गारठा तळव्यांतून सरळ पोटऱ्यांपर्यंत चढला. खरं तर यात दचकण्यासारखं काही नव्हतं. ती या कॉलेजची ग्रंथपाल, आणखी काही महिन्यांनी निवृत्त होणार, तिला कोण बोलणार होतं? तरी आपल्याला नको ते करताना कुणीतरी पाहिलं असं तिला वाटलं आणि कान तापले. ती मागे वळली, चपलांत पाय सरकवले आणि मान खाली घालून आत गेली. चपला वाजायला लागल्या. ग्रंथालयात स्वतःच्या पावलांचा आवाज तिने इतक्या वर्षांत ऐकलाच नव्हता, तो आता प्रत्येक पावलाला ऐकू येत होता आणि तिला वाटत होतं, हे कोण चालतंय आपल्या मागून.

आज उद्घाटन होतं. काचेच्या दर्शनी भागावर देणगीदारांच्या आईचं नाव लागलं होतं, रत्नप्रभा ग्रंथभवन, आणि आत शिरल्या शिरल्या डाव्या हाताच्या भिंतीवर मखमली पडद्याआड ग्रंथालयाचा इतिहास झाकून ठेवलेला होता. इतिहास हेमांगीनेच लिहिला होता. प्राचार्य चंद्रप्रकाश, ज्यांना सगळं कॉलेज सीपी सर म्हणतं, त्यांनी तिला सांगितलं होतं की तुमच्याइतकं कुणाला माहीत नाही, तुम्हीच लिहा आणि पडदा सरकवला की तुम्हीच वाचून दाखवा. सकाळी गोरेगावच्या घरून निघताना आईचा फोन आला होता. आईला फोनवर हॅलो म्हणायची सवय नाही, ती एकदम मुद्द्यावर येते. ‘बापाचा नाव घेशील ना गो आज?’ एवढंच तिने विचारलं. हेमांगी म्हणाली, बघते, खूप गडबड आहे, तू वेळेवर ये, नंदूला सांग रिक्षाने आणून सोडायला. आई म्हणाली, रिक्षा कशाला, मी चालत येईन, ती जागा मला काय नवीन हाय? हेमांगीने फोन ठेवला. भिंतीवर अक्षरं आधीच चिकटवून झाली होती आणि त्यांत बापाचं नाव नव्हतं.

ती जागा आईला खरंच नवीन नव्हती. आता जिथे ही काच उभी आहे तिथे कोळीवाड्याच्या मच्छीमार सोसायटीची जाळ्यांची वखार होती. लांबलचक, कौलारू, खाडीकडच्या बाजूला दोन मोठी दारं. हेमांगीचा बाप धर्मा तेव्हा सोसायटीचा अध्यक्ष होता. अंधेरीत या टोकाला कॉलेज निघालं तेव्हा त्याला चार खोल्या होत्या आणि पुस्तकं ठेवायला जागाच नव्हती. पहिले प्राचार्य भाऊराव सर एका संध्याकाळी वखारीत आले आणि धर्माला म्हणाले, पुस्तकांच्या पेट्या इथे ठेवू का, आमची सोय होईपर्यंत? धर्मा शाळेत फारसा गेलेला नव्हता. तो म्हणाला, ठेवा, पन वाचून झाला का परत द्या. म्हणजे वखार परत द्या. भाऊराव सर खूप हसले आणि हे वाक्य पुढे कितीतरी वर्षं दोघांच्यात चालू राहिलं, भेट झाली की धर्मा विचारायचा, काय सर, वाचून झाला का? भिंतींकडेला फळ्या ठोकून पुस्तकं लागली. आढ्याला जाळी टांगलेली, मधल्या जमिनीवर डोलजाळं पसरलेलं आणि त्याच्या कडेकडेने गोणपाटावर बसलेली कॉलेजची मुलं वाचतायत. धर्मा आणि इतर माणसं जाळं सांधत असत. हेमांगी तेव्हा इतकी लहान होती की तिला पुस्तकं आणि जाळी ही एकाच वखारीतली एकाच प्रकारची वस्तू वाटायची, दोन्ही भोकंभोकंच दिसायची, काळी आणि पांढरी. पहिल्या दिवशी एक मुलगा बूट घालून सरळ आत आला. धर्माने मान वर केली आणि शांतपणे म्हटलं, ‘जाल्यावर चप्पल घालून नाय येयाचा. बाहेर काढ.’ बुटाच्या खिळ्याने धागा ओढला जातो, वाळूचे कण अडकतात, आणि शिवाय ज्याच्यावर पोट आहे त्याला पायताण लावायचं नसतं, कोळीवाड्यात हे कुणाला सांगावं लागत नाही. त्या दिवसापासून ग्रंथालयात येणारा प्रत्येक जण चपला बाहेर काढायला लागला. भाऊराव सरसुद्धा.

मग ग्रंथालय हललं. मागच्या अंगाला पत्र्याच्या दोन खोल्या बांधल्या तिथे गेलं. दुपारी तिथे बसवत नसे, पत्रे तडतडत राहत. तिथे जाळी नव्हती, कोबा होता, तरी पहिल्याच दिवशी मुलांनी दाराशी चपला काढल्या, कारण ग्रंथालयात जायचं म्हणजे चपला काढायच्या. जाळी मागे राहिली, चपला काढणं तेवढं पुढे आलं. हेमांगी त्या पत्र्याच्या खोलीतच विद्यार्थिनी म्हणून आली, नंतर पदवी घेऊन तिथेच नोकरीला लागली, आणि ग्रंथालय मुख्य इमारतीत केमिस्ट्रीच्या लॅबवर दुसऱ्या मजल्यावर गेलं तेव्हा प्रत्येक पेटी तिच्या नजरेखालून गेली. सगळ्यांत जुनी पुस्तकं उघडली की त्यांना वास यायचा. सुकटीचा, खाऱ्या वाऱ्याचा, डांबराचा. मुलं नाक मुरडायची नाहीत, त्यांना कळायचंच नाही कसला वास आहे ते, जुन्या पुस्तकांना येतो तसा असेल म्हणायची. फक्त हेमांगीला कळायचा. ती त्या पुस्तकांना खिडकीत ऊन द्यायची, पानांत कडुनिंबाचा पाला ठेवायची, आणि कुणी समोर असलं की ती पुस्तकं हातात घ्यायची टाळायची. वखार मात्र परत गेली नाही. आधी तिथे सायकली लागायच्या, मग मोडकी बाकं भरली, मग कॉलेजने कुंपण घातलं तेव्हा ती कुंपणाच्या आत आली. मागायला कुणी आलं नाही. धर्मा गेला. भाऊराव सर त्याआधीच गेले होते. एक पुस्तक उशिरा आलं तर मुलांच्या घरी फोन लावणारी हेमांगी, त्या वखारीबद्दल कधी कुणाला विचारू शकली नाही. ती वखार आपल्याच खात्यावर थकीत आहे, असं तिला कधीमधी दुपारच्या सुस्तीत वाटायचं आणि ती उठून कपाटं लावायला लागायची.

आणि पंचाईत अशी होती की तिला कुणी कधी हिणवलं नव्हतं. हिणवलं असतं तर ती भांडली असती, भांडायला ती कमी नाही, कोळीवाड्यात वाढलेली आहे. उलट स्टाफरूममध्ये तिच्या डब्यावर उड्या पडायच्या. हेमांगी मॅडम, बोंबील कधी आणताय? मॅडम, सुरमई चांगली कुठली ते सांगा ना. सीपी सर स्वतः घाटावरचे, इथे येऊन मासे खायला शिकले ते तिच्या हातचे. सगळं प्रेमाने होतं. तरी सकाळी घरातून निघताना ती हात लिंबाने घासायची, मासे नसलेल्या दिवशीसुद्धा. आई कॉलेजच्या गेटवरून टोपली घेऊन जायची तेव्हा खिडकीत उभी असली तर हेमांगी मागे व्हायची. का, ते तिला सांगता आलं नसतं. तपासणी समिती आली होती तेव्हाही तसंच झालं. समितीतल्या एका बाईंनी विचारलं होतं, इथे सगळे चपला बाहेर का काढतात? सीपी सर नवीन होते, त्यांनी हसून म्हटलं, सरस्वतीचं मंदिर आहे ना आमचं. बाईंना ते फार आवडलं, त्यांनी अहवालात लिहिलं, स्थानिक संस्कृतीचे जतन. हेमांगी बाजूलाच उभी होती. तिने काही सांगितलं नाही. सांगण्यासारखं काय होतं, जाळ्याला खिळा लागू नये म्हणून? पुढच्या आठवड्यात तिने स्वतःच्या सुंदर अक्षरांत पाटी करून दाराला लावली, हे सरस्वतीचे मंदिर आहे, कृपया पादत्राणे बाहेर काढावीत. कुणी करायला सांगितली नव्हती.

इतिहासाच्या मजकुराचंही असंच झालं. आधी तिने लिहिलं होतं, जाळ्यांच्या वखारीत. ते वाक्य तिने संगणकाच्या पडद्यावर पाहिलं आणि तिला ते कसंतरीच वाटलं. वखार म्हणजे लोकांना लाकडांची वाटेल. मग ते काढून तिने लिहिलं, समुद्रकिनारी एका छोट्याशा वास्तूत. वास्तू हा शब्द किती छान होता, त्याला वासच नव्हता. धर्मा यांच्या पुढाकाराने, हे लिहिताना तर तिचा हात थांबलाच, कारण पुढे आडनाव लावलं की कुणीतरी म्हणणार, अरेच्चा, हे तुमचेच का? आणि मग सगळ्यांच्या तोंडावर ते कौतुक पसरणार, कोळ्याची पोर, बघा कुठे पोचली. तिला त्या कौतुकाची भीती वाटायची, हिणवण्याहून जास्त. म्हणून तिने लिहिलं, स्थानिकांच्या सहकार्याने. सीपी सरांनी मजकूर वाचला, वा म्हणाले, एक स्वल्पविराम बदलला. कुणी काही काढायला लावलं नव्हतं. प्रत्येक शब्द तिने स्वतःच्या हाताने काढला होता, आणि अक्षरं भिंतीवर चिकटवणारी माणसं काम करत होती तेव्हा ती मागे उभी राहून ओळ सरळ आहे की नाही तेवढं बघत होती. आज सकाळी बसस्टॉपवरून येताना फुटपाथवर तिचा भाऊ नंदू जाळं पसरून बसला होता. वखार गेल्यापासून जाळी अशीच रस्त्याकडेला, निळ्या प्लास्टिकखाली. माणसं बूट घालून त्यावरून जात होती, नंदू मान वर करत नव्हता. ती मात्र फुटपाथवरून खाली उतरली, रिक्षांच्या मधून वळसा घालून गेली. तिच्या पायांना अजून माहीत होतं. नंदू म्हणाला, आई सकालपासून तयार होऊन बसलीय, तू काय वाचनार हायस ते आम्हाला पन ऐकव कधी. ती म्हणाली, हो रे, ऐकवीन.

पाहुणे आले, नारळ फुटला, लाल गालिच्यावरून बुटांची रांग आत आली. खुर्च्या भरल्या. आई तिसऱ्या रांगेत बसली होती. ती ठेवणीतलं लुगडं नेसली होती, अंबाड्यात अबोलीची वेणी, गळ्यात सगळं सोनं, आणि गालिच्याच्या कडेला दाराबाहेर तिच्या प्लास्टिकच्या चपला एकट्याच दिसत होत्या. तिने न विचारता काढल्या होत्या. हेमांगीला व्यासपीठावरून त्या दिसल्या आणि तिने आपले पाय खुर्चीखाली घेतले. पडदा सरकला. तिने वाचायला सुरुवात केली. आपला आवाज चांगला आहे हे तिला माहीत होतं आणि आज तो आणखीच चांगला लागला होता, याचाच तिला राग येत होता. समुद्रकिनारी एका छोट्याशा वास्तूत. तिथे आल्यावर ती थांबू शकली असती. श्वास घेतल्यासारखं करून म्हणू शकली असती, म्हणजे खरं तर जाळ्यांच्या वखारीत, आणि ती वखार माझ्या वडिलांनी दिली होती. दोन वाक्यं. लोकांनी टाळ्यासुद्धा वाजवल्या असत्या. आई पुढे झुकली होती, एक हात कानामागे धरून. हेमांगीने आईकडे पाहिलं, मग कागदाकडे पाहिलं आणि वाचलं, स्थानिकांच्या सहकार्याने. पुढचं सगळं वाचून झालं, केमिस्ट्रीची लॅब, दुसरा मजला, देणगीदारांचे आभार. टाळ्या झाल्या. आईनेही वाजवल्या, जरा उशिरा.

चहाच्या वेळी आई तिच्याजवळ आली आणि भिंतीसमोर उभी राहिली. आईला वाचता येत नाही, पण अक्षरांकडे ती माणसांकडे बघावं तशी बघते. तिने हळू आवाजात विचारलं, यात आपली वखार कंची? हेमांगीने वास्तू या शब्दाखाली बोट धरलं. आईने त्या शब्दावर हात फिरवला, अक्षरं जरा उचललेली होती, बोटाला लागत होती. मग विचारलं, आनि बाप? हेमांगीने बोट खालच्या ओळीवर नेलं.

‘काय लिवलाय?’

‘स्थानिक.’

‘म्हंजे कोन?’

‘आपणच, आई.’

आईने मान हलवली. ती रागावली नाही. तिने हेमांगीच्या चेहऱ्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं, लहानपणी ताप आहे का बघायची तसं, आणि मग वेणी सारखी केली. तेवढ्यात दाराकडून सिक्युरिटीवाला आईच्या चपला दोन बोटांत धरून आत आला. पाहुण्यांच्या गाडीच्या वाटेत पडल्यात, कुणाच्या आहेत, असं तो सगळ्यांना विचारायला लागला. सगळे वळून बघायला लागले. हेमांगीला पुढे होऊन त्या घ्यायच्या होत्या, तिचा हात उचललाही गेला होता, पण त्याआधी सीपी सर पुढे आले. माणूस वाईट नाही, त्यांना अशा वेळी पटकन सुचतं. त्यांनी सिक्युरिटीवाल्याला थांबवलं, आईला वाकून नमस्कार केला आणि पाहुण्यांकडे वळून म्हणाले, बघा, या हेमांगी मॅडमच्या मातोश्री. आम्ही नव्या इमारतीत प्रथा बंद केली, पण यांनी पाळली. आम्हाला लाजवलं यांनी. कुणीतरी फोन वर धरून रेकॉर्ड करायला लागलं. सीपी सरांनी आईला प्रेमाने विचारलं, आजी, सांगा ना सगळ्यांना, तुम्ही चपला बाहेर का काढल्यात?

एसीचा आवाज तेवढा येत होता. आईने सीपी सरांकडे पाहिलं नाही, फोनकडे पाहिलं नाही, तिने हेमांगीकडे पाहिलं. त्या बघण्यात सवाल होता, जबरदस्ती नव्हती. सांगू का, एवढंच. आईला कारण माहीत होतं, ती त्या वखारीत बसून जाळी सांधलेली बाई होती. हेमांगीच्या मनात आलं, सांग, आई, सांगून टाक, मी नाही सांगू शकले, तू सांग. पण ते तिच्या चेहऱ्यावर आलं नाही. चेहऱ्यावर दुसरंच काहीतरी आलं असावं, जे ती लिंबाने हात घासताना आरशात कधी बघत नसे. तिने नजर खाली वळवली. स्वतःच्या चपलांतले स्वतःचे पाय तिला दिसले.

आई म्हणाली, ‘आत देवी हाय ना. सरस्वती. म्हनून.’

टाळ्यांचा कडकडाट झाला. देणगीदारांनी डोळ्यांना रुमाल लावला. पाहुण्यांनी आईबरोबर फोटो काढले, एकीने तिच्या गळ्यातल्या सोन्याचं कौतुक केलं, सीपी सर म्हणाले की हे वाक्य आपण भिंतीवर घेऊ या, मॅडम, मजकुरात शेवटी एक ओळ वाढवा. हेमांगी हो म्हणाली. ती हसत होती. हसताना तिला वाटत होतं की खाली जमिनीवर काहीतरी पसरलेलं आहे आणि आपण त्यावर उभ्या आहोत, सगळेच उभे आहेत, बूट घालून, आणि एक एक धागा तुटतो आहे.

गर्दी कमी झाल्यावर ती आईला दारापर्यंत सोडायला आली. सिक्युरिटीवाल्याने चपला एका वर्तमानपत्राच्या कागदावर नीट जोडीने ठेवल्या होत्या. आईने एक हात हेमांगीच्या खांद्यावर टाकला, तोल सावरत पाय आत सारला आणि वर न बघता, जणू बाजारात नीट भाव केला की नाही हे विचारावं तसं विचारलं, ‘बरा बोलले ना गो मी?’

हेमांगी खाली वाकली, आईच्या चपलेचा अंगठा सरळ करायला. अंगठा सरळच होता. तरी ती बराच वेळ तशीच वाकून राहिली.